शाळा कुणाची, मूल कुणाचे?

माझे अक्षर बरे आहे, हे माझ्या नोकरीतले एक भांडवलच म्हणायचे. आमच्या तालुक्याच्या गावी एक खाजगी विनाअनुदानित शाळा आहे. तिथे गेली अठरा वर्षे मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. रात्री कादंबऱ्या लिहितो म्हणून गावात थोडेफार नाव आहे, आणि अक्षर बरे म्हणून शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्याचे काम कचेरीने माझ्या गळ्यात घातले आहे.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तिथे बहुधा 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहायचे असते. गेल्या जूनमध्ये चौथीतून पाचवीत जाणाऱ्या एका मुलाच्या दाखल्यावर मी हेच दोन शब्द लिहिले, आणि ते खोटे आहेत हे लिहिताना मला ठाऊक होते. मुलगा वीटभट्टीवरच्या मजुराचा. बापाने पोटाला चिमटा घेऊन त्याला आमच्या शाळेत घातले होते. मुलगा वाचनात मागे राहिला. फीचे दोन हप्तेही थकले होते. पाचवीला तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा असे आणि तिच्या निकालाची पाटी आमच्या फाटकावर लागे. बापाला बोलावणे गेले. 'इथे त्याला झेपत नाही, त्याचेच नुकसान होईल,' असे त्याला गोड शब्दांत समजावण्यात आले. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून बापाकडून अर्ज लिहून घेतला गेला. तो अर्जही मीच लिहिला. त्याने फक्त सही केली.

तो मुलगा कुठे गेला, ते शेवटी सांगेन. आधी एक प्रश्न सांगतो. त्यामुळे मला जुनी पुस्तके धुंडाळावी लागली.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याच सुमारास त्याचा फोन आला. त्याच्या मुलीचे नाव तिकडच्या एका 'चार्टर' शाळेच्या सोडतीत निघाले होते. चार्टर शाळा म्हणजे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "दादा, पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा. फी नाही. सरकार सनद देते. ठरल्याप्रमाणे काम झाले नाही तर सनद काढून घेते. इकडे यावरून मोठी भांडणे आहेत. तुमच्याकडे असे काही आहे का?"

मला हसू आले. पैसा सरकारचा आणि कारभार मंडळाचा, हे तर आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. आपण त्याला 'अनुदानित शाळा' म्हणतो. महाराष्ट्रातला जो माणूस हायस्कूल शिकला, तो बहुधा अशाच शाळेत शिकला. अमेरिकेत हा वाद तीस-पस्तीस वर्षांचा आहे. आपल्याकडे त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. एवढ्या वर्षांत आपण त्यातून काय शिकलो, हे पाहावे म्हणून हा लेख.

*

१९ जुलै १८५४ या तारखेचा एक खलिता लंडनहून हिंदुस्थानात आला. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रत्येक इलाख्यात विद्याखाते असावे, विद्यापीठे निघावीत, सामान्य रयतेच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे, अशी पुष्कळ चांगली कलमे त्यात आहेत. त्याच खलित्यात 'ग्रँट-इन-एड' आली. खाजगी मंडळाने शाळा काढावी, तपासणीस येईल त्याला दप्तर दाखवावे, मुलांकडून थोडी का होईना फी घ्यावी, आणि सरकारने त्या शाळेला मदत द्यावी. पुढे केव्हातरी सरकारला स्वतःच्या शाळा चालवण्याची गरजच उरू नये, अशी आशाही त्यात बोलून दाखवली होती.

म्हणजे एकाच कागदात दोन हेतू होते. एक, अधिक मुलांना शिक्षण मिळावे. दुसरा, सरकारचा खर्च आणि व्याप आटोपता राहावा. हे दोन हेतू एकाच दावणीला बांधले गेले, आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ मला तिथेच दिसते.

सरकारी शाळा तेव्हा सर्वांची होती असेही नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने नाव घालू मागितले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुंबई सरकारने त्याला प्रवेश नाकारला. एका मुलासाठी बाकीची सगळी शाळा ओस पडेल, असा त्यांचा हिशेब होता. सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्या पाहिजेत, असे पुढे वरिष्ठांनी ठरवले खरे. पण कागदावरचे ते ठरवणे गावच्या शाळेच्या ओट्यापर्यंत पोचायला पिढ्या गेल्या. सरकारी शाळेचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याने हे धारवाडचे पोर विसरून चालायचे नाही.

त्या पोरासाठी दार उघडले ते खाजगी माणसांनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या कोणी वरून हुकूम दिला म्हणून निघाल्या नव्हत्या. त्यांच्या मंडळीला पुढे सरकारच्या दक्षिणा फंडातून मदतही मिळाली. म्हणजे सरकारी पैशावर खाजगी माणसांनी शाळा चालवण्याचा अनुभव जोतीरावांना स्वतःचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

*

१८८० च्या सुमाराचे पुणे डोळ्यांपुढे आणावे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक त्यांना मिळाले, नामजोशी मिळाले, पाठोपाठ आगरकर आले. शिकलेली, हुशार, सरकारी नोकरीत सहज मोठ्या पगारावर गेली असती अशी ही तरुण माणसे थोडक्या पैशांत मास्तरकी करू लागली. शाळा बघता बघता नावारूपाला आली. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. हंटरसाहेब पुण्याला आले तेव्हा ही शाळा पाहून त्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली; अशी संस्था आपण हिंदुस्थानभर पाहिली नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. शाळेचे सुपरिंटेंडेंट वामन शिवराम आपटे, म्हणजे संस्कृत कोशाचे आपटे, यांनी कमिशनपुढे साक्षही दिली.

सरकारने आता उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे आणि ते खाजगी मंडळांवर सोपवावे, असा विचार कमिशनपुढे होता. न्यू इंग्लिश स्कूलसारखी शाळा डोळ्यांसमोर असताना कुणालाही तो पटावा. सरकारी साच्यातून सुटलेले मास्तर काय करू शकतात, याचा तो धडधडीत पुरावा होता. अमेरिकेतले चार्टर शाळांचे पुरस्कर्ते आज असाच एखाददुसऱ्या उत्तम शाळेचा दाखला देतात, आणि त्यात काही वावगे नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्यातून, कमिशनपुढे दुसरे एक निवेदन गेले. त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२ आणि ते जोतीराव फुले यांचे आहे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये पगार असावा, असेही ते सांगतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची दोन मते फार मोलाची आहेत.

पहिले मत 'निकालावर ग्रँट' या पद्धतीविषयी. त्या काळी शाळेची मदत मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरे. इंग्लंडात १८६२ सालापासून हीच पद्धत होती आणि मुंबई इलाख्यातही ती आली होती. तपासणीसाच्या दिवशी जितकी मुले पास, तितके पैसे. जोतीराव म्हणतात की अज्ञानात पिचलेल्या लोकांत शिक्षणाची गोडी लावायला ही पद्धत उपयोगाची नाही. कुणबी, महार, मांग यांच्या वस्तीत कोणता चांगला मास्तर स्वतःच्या हिमतीवर शाळा काढील? त्याच्या श्रमाचा मोबदला निघेल इतकी मुले त्याला त्या वस्तीत मिळणारच नाहीत. हे निवेदन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या फाटकावरची शिष्यवृत्तीची पाटी मला आठवली. निकालावर पोट असलेली शाळा आधी निकाल देणारे मूल शोधते. न देणारे मूल तिला परवडत नाही. त्यात मास्तर दुष्ट असावा लागत नाही. त्याचा हिशेबच तसा घातलेला असतो.

दुसरे मत सरकारने अंग काढून घेण्याविषयी. ज्याने स्वतः खाजगी शाळा काढल्या, त्या माणसाने सांगितले की सरकारने शाळा-कॉलेजांतून माघार घेऊ नये. श्रीमंत आणि वरच्या वर्गात त्यामुळे थोडा स्वावलंबनाचा गुण येईलही, पण शिक्षणप्रसाराचे जे नुकसान होईल ते भरून यायला फार वर्षे लागतील. शिवाय नाना जातींच्या आणि धर्मांच्या देशात सर्वांशी समभावाने वागणारी शाळा सरकारच ठेवू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांना सरकारी नोकरी मिळत नाही असे शिकलेले लोक ग्रँटची खात्री असेल तर उच्च शिक्षणाच्या शाळा काढतीलही, हे ते मान्य करतात. खाजगी शाळांशी त्यांचे वैर नव्हते. खाजगी उत्साह कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

कमिशनने सुवर्णमध्य काढला. प्राथमिक शिक्षण म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डे यांच्याकडे द्यावे; माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू बाजूला व्हावे आणि ग्रँट देऊन ते खाजगी मंडळांवर सोपवावे; नमुना म्हणून जिल्ह्याला एखादे सरकारी हायस्कूल ठेवावे. सक्तीचा प्रश्न बाजूला पडला. महाराष्ट्राच्या शिक्षणाची चौकट तेव्हा जी ठरली ती आजही ओळखू येते. गावची प्राथमिक शाळा लोकल बोर्डाची, म्हणजे आता जिल्हा परिषदेची. हायस्कूल कुठल्यातरी एज्युकेशन सोसायटीचे.

*

या चौकटीने आपले भले केले की वाईट? दोन्ही केले. सोसायट्यांच्या हायस्कुलांनी वकील दिले, डॉक्टर दिले, स्वातंत्र्याच्या चळवळीचे कार्यकर्ते दिले. मात्र ही हायस्कुले जिथे शिकलेली वस्ती होती तिथे निघाली. खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला आले ते पैशाला महाग असलेले लोकल बोर्ड.

सक्तीचे काम एकीकडे संस्थानिकांनी केले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ साली ते सबंध बडोदे संस्थानाला लागू केले. ब्रिटिश मुलुखात गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. त्यांची मागणी किती माफक! जिथल्या स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच सक्ती करावी, एवढीच. मार्च १९१२ मध्ये ते बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण आणले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. धारवाडच्या मुलाला त्रेसष्ट वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते, आणि ते देण्याची ताकद राज्यसत्तेपाशीच होती. कोणतेही मंडळ कितीही चांगले असले, तरी दुसऱ्याच्या शाळेचे दार उघडण्याचा हुकूम त्याला काढता येत नाही.

याच १९१९ सालच्या ४ ऑक्टोबरला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सरकारी की खाजगी हा वाद करताना भाऊरावांना कोणत्या खणात ठेवावे हे मला अजून उमगलेले नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांचे पोट भरावे म्हणून लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३७ च्या खेर मंत्रिमंडळाने व्हॉलंटरी शाळांना मदत देण्याचे धोरण आखले, तेव्हा जिथे बोर्डाचा मास्तर जायला तयार नव्हता अशा डोंगरकपारीच्या वाड्यांत भाऊरावांनी शाळा काढल्या. त्यांची संख्या पाचशेवर गेली. संस्था खाजगी, मदत सरकारी, आणि मूल मात्र तेच, जे निकालाच्या हिशेबात कुणालाच नको होते. खाजगी कारभाराची खरी कसोटी मला इथे सापडते. आपली संस्था मुलाला निवडते, की जे मूल उरले आहे तिथे आपण होऊन जाते?

पुढे या प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. भाऊरावांसारखा माणूस एकदाच होतो. पाचशे वाड्यांना पाचशे वर्षे पुरेल अशी सोय एका माणसाच्या निष्ठेवर होत नाही. शिवाय अनुदानाच्या दोरीचे एक टोक सरकारच्या हातात असते. १९४८ साली सरकारशी बिनसले तेव्हा रयतचेही अनुदान बंद झाले होते, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत संस्थेचे हाल झाले.

*

आता अमेरिकेकडे वळतो, कारण भावाचा प्रश्न तिकडचा होता. 'चार्टर' हा शब्द रे बडी नावाच्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांचा. १९८८ साली अल्बर्ट शँकर यांनी तो उचलून धरला. गंमत अशी की शँकर हे शिक्षकांच्या एका मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. सार्वजनिक शाळेतल्याच काही शिक्षकांना मोकळीक द्यावी, जी मुले नेहमीच्या वर्गात शिकत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी नवे प्रयोग करावेत, आणि प्रयोग साधला तर तो सर्व शाळांनी उचलावा, अशी त्यांची कल्पना होती. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. ती होती शाळा सोडून दिलेल्या मुलांसाठी. आरंभ असा भाऊरावांच्या जातकुळीचा होता.

पुढे शाळा हजारांनी निघाल्या. साखळी पद्धतीने शाळा चालवणाऱ्या संस्था आल्या, नफ्यासाठी चालवणाऱ्या कंपन्याही आल्या, आणि शँकर स्वतःच टीकाकार झाले. या शाळा चांगल्या की वाईट, याचे मोजमाप स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्राने केले. २००९ साली त्यांना आढळले की गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सार्वजनिक शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निरस, आणि बाकीच्यांत फरक नाही. २०२३ साली त्याच केंद्राला चित्र पालटलेले दिसले: चार्टर शाळांतली मुले वर्षाकाठी वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. शहरांतल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांचा फायदा याहून अधिक होता. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण २०१५ साली न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या चार्टर संस्थेच्या शाळेतली एक यादी वर्तमानपत्रात आली. तिच्यात १६ मुलांची नावे होती, आणि 'यांना जायलाच हवे' अशा अर्थाचा मथळा होता. ती बातमी वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या कचेरीत यादी करत नाहीत, इतकाच फरक!

न्यू ऑर्लिन्स शहराची कथा तर आपण लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथल्या बहुतेक शाळा सरकारने चार्टर मंडळांकडे सोपवल्या, आणि २०१९ पर्यंत तिथे जुन्या पद्धतीची सार्वजनिक शाळा उरलीच नाही. निकाल सुधारले, हे खरे. हजारो जुन्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरे. आणि २०२४ साली त्या शहराच्या शाळामंडळाने पुन्हा स्वतःची एक शाळा उघडली. सगळे सोपवून झाल्यावरही स्वतःची एक शाळा हवी, असे त्यांना का वाटले असावे? मंडळ सनद परत करू शकते. मूल गावातच राहते.

*

आपण मात्र अनुदानाच्याही पुढे गेलो. १९८३ नंतर विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रूढ झाला. २००१ साली शाळांसाठी 'कायम विनाअनुदान' हे धोरण आले. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला. मधल्या काळात आणि नंतरही कित्येक मास्तरांनी बिनपगारी वर्षे काढली. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. वुडच्या खलित्यातले दोन हेतू शेवटी वेगळे झाले: सरकारचा खर्च आटोपता ठेवण्याचा हेतू सिद्धीस गेला, आणि अधिक मुलांना शिक्षण देण्याचा हेतू ज्याच्या त्याच्या खिशावर सोडला गेला. २०२३ साली सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना निघाली, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा कराव्यात असा विचारही त्याच वर्षी पुढे आला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घरांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला ही अट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. निकालाची तारीख १९ जुलै २०२४. वुडच्या खलित्याला त्या दिवशी बरोबर १७० वर्षे झाली. हा निव्वळ योगायोग. पण सरकारी पैसा, खाजगी शाळा आणि गरिबाचे मूल या तिघांचा वाद अजून मिटलेला नाही, याची आठवण त्याने करून दिली.

भावाला मी फोनवर काय सांगितले? मुलीचे नाव निघाले आहे तर तिला खुशाल त्या शाळेत घाल, असे सांगितले. बापाने आपल्या मुलाचे हित पाहावे, यात पाप नाही. वीटभट्टीवरच्या त्या माणसानेही तेच केले होते. पण राज्याचे हित बापांच्या हितांची बेरीज करून निघत नाही. सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही, ज्याच्या बापाला सोडत आहे हेच कळले नाही, ज्याला झेपत नाही म्हणून परत पाठवले, त्याचा धनी कोण, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आधी पक्के करावे, मग शाळा कुणीही चालवावी. चांगले मंडळ असेल तर त्याला सरकारी पैसा अवश्य द्यावा. पण शेवटच्या मुलाला 'नाही' म्हणण्याची मुभा त्याबरोबर देऊ नये. आणि जी शाळा कुणालाच नाही म्हणू शकत नाही, ती उपाशी मारू नये.

आता त्या मुलाविषयी. दाखला घेऊन तो माझ्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. मी स्वतः तिथेच शिकलो. माझ्या वेळी तिथे दीडशे मुले होती. आता पट अकरा आहे. तो कमी होण्याचे मुख्य कारण आमच्या शाळेची पिवळी बस. ती रोज सकाळी गावातून मुले उचलते, आणि त्यांच्या फीतून माझा पगार निघतो. ज्या शाळेने मला अक्षर दिले तिला रिती करण्याच्या कामी ते अक्षर लागले, ही गोष्ट मी अठरा वर्षांत कधी नीट डोळ्यांपुढे येऊ दिली नव्हती.

आषाढात एका रविवारी तिथले गुरुजी बाजारात भेटले. मुलाचे काय झाले, असे मी विचारले. ते म्हणाले, "घेतला की सर. त्याच दिवशी रजिस्टरला नाव घातलं. वाचायला अजून अडतो, पण येतो रोज. पट बारा झाला आमचा." मग पिशवीतली भाजी सारखी करत ते सहज म्हणाले, "आम्हांला कुठं नाही म्हणता येतं?"

त्यांच्या स्वरात तक्रार होती की अभिमान, ते मला कळले नाही. कदाचित दोन्ही असेल. मी दाखल्याविषयी काही बोललो नाही. दाखल्यावर एकदा लिहिलेले खोडता येत नाही. खाडाखोड झालेला दाखला कुठेच चालत नाही. म्हणून त्या रकान्यात जे लिहायला हवे होते, ते मी इथे लिहिले आहे.